खालचं कापून टाका, चाचा

वाशीमात समुद्र कोणी मागितलेला नाही. नळाला वेळेवर पाणी आलं तरी आम्ही खूश असतो. असं असूनही माझ्या नव्या घराच्या हॉलमध्ये तीन बंदरं टांगलेली आहेत, आणि घरी येणारा प्रत्येक माणूस पाण्याचा पेला हातात घेऊन विचारतो, हे एकबुर्जीचं धरण आहे का? सुरुवातीला मी समजावून सांगायचे. आता हो म्हणते.

घर आम्ही नवरा-बायकोनं मिळून बांधलं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, नवरा एसटीत वाहक. बांधकाम चालू होतं तोवर लोकांचे सल्ले विटा-सिमेंटचे होते, त्यामुळे सोसले. भिंतींच्या सजावटीचे सल्ले सुरू झाले तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. शेजारणीला छतावर पीओपीचं कमळ हवं होतं, छत माझं असलं तरी. नवऱ्याला धबधब्याचा वॉलपेपर हवा होता, ज्यात दोन हरणं पाणी पितात आणि तिसरं आपल्याकडं बघतं. त्याच्या डेपोतल्या साहेबाच्या घरी तसा आहे. मी म्हटलं, साहेबाच्या घरी साहेबही आहे, तोही आणून लावायचा का? तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. त्या दोन दिवसांत मी टाइल्स ठरवून टाकल्या.

आमच्या वस्तीत हॉलच्या समोरच्या भिंतीवर कोणते दोन फोटो लागतात हे विचारायचं नसतं, आणि त्या भिंतीवर तिसरं काही लागत नाही. प्रश्न होता तो सोफ्याच्या मागच्या भिंतीचा. ती बारा फूट भिंत कोरीच्या कोरी पडली होती आणि येणारा-जाणारा तिच्याकडं बघून काहीतरी सुचवत होता. अशातच एक दिवस कुरिअरवाला पुठ्ठ्याची लांब नळी देऊन गेला. पाठवणारी माझी धाकटी बहीण होती.

इथं थोडं मागं जावं लागेल. बहीण माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. वडील लवकर गेले, त्यामुळे तिला शिकवायचं, वळण लावायचं आणि झापायचं ही तिन्ही खाती माझ्याकडं आली. तिसरं मी जरा जास्तच मन लावून सांभाळलं. खटपट करून मी तिला डीएडला लावलं होतं. सहा महिन्यांत ते सोडून ती मुंबईला चित्रकलेच्या कॉलेजात निघून गेली. जाताना मी तिला चारचौघांत म्हटलं, जा, दुकानांच्या पाट्या रंगव. तिनं पाट्या रंगवल्या नाहीत. ती छापचित्रं करायला शिकली. म्हणजे जस्ताच्या पत्र्यावर सुईनं चित्र कोरायचं, पत्रा तेजाबात बुडवायचा, रेघांमध्ये शाई भरायची आणि जाड ओलसर कागदावर यंत्रानं दाबून छाप काढायचा. राहायला गोदीजवळ खोली होती. खिडकीतून जे दिसायचं तेच ती कोरायची. बोटी, क्रेन, दोरखंड, धक्क्यावर बसलेली माणसं. हे सगळं मला आमच्या मायकडून कळायचं. ती जेवली का हेही मायकडूनच कळायचं.

तिचं पहिलं प्रदर्शन लागलं तेव्हा मात्र तिनं स्वतः मला फोन केला. ये म्हणाली. मे महिना होता, शाळेला सुट्टी होती, म्हणून रजा नाही असं सांगता येईना. मी म्हटलं, निवडणुकीची ड्यूटी लागली आहे. त्याच दिवशी शेजारणीनं स्वतःच्या स्टेटसला फोटो टाकला. गच्चीवर धोतराचं पान अंथरलेलं, त्यावर कुरडया, आणि कुरडयांच्या मधोमध साचा हातात घेऊन दात काढणारी मी. शेजारणीचा नंबर बहिणीच्याही फोनमध्ये होता. तिनं काही लिहिलं नाही, भांडण केलं नाही, फक्त पुढची पाच वर्षं मला फोन केला नाही. मीही केला नाही, कारण मी मोठी होते. मोठेपणाचा एवढा एकच उपयोग मला आजवर सापडलेला आहे.

मागच्या वर्षी माय गेली. बहीण आली, तीन दिवस राहिली, माझ्याशी ताट-वाटीपुरतं बोलली आणि परत गेली. तिला एसटीत बसवून आले आणि घरी येऊन मी कधी रडले नव्हते तशी रडले. माहेर म्हणून आता मला ही एवढी एकच बाई उरली होती, आणि तिलाही माझ्याशिवाय कोणी नव्हतं. आता मधे निरोप सांगणारंही कोणी नव्हतं. आत्ता जुळलं तर जुळलं, नाहीतर दोघी आपापल्या गावात म्हाताऱ्या होऊन मरणार, हे मला स्पष्ट दिसत होतं.

म्हणून घरभरणीचा दिवस ठरला तसा मीच फोन केला. ये म्हटलं. बघते म्हणाली. मग जरा थांबून तिनं विचारलं, हॉलची भिंत किती फुटांची आहे? मी सांगितलं, बारा. आठवड्याभरात ती नळी आली.

नळीत तीन चित्रं होती. मिस्त्रीची माणसं घरात टाइल्स कापत होती, सगळीकडं पांढरी धूळ उडत होती. मी चित्रं उलगडली, सरळ केली, बोटी आहेत एवढं पाहिलं, काळा-निळा रंग सोफ्याला जातो असं ठरवलं आणि परत गुंडाळून ठेवली. पाहण्याच्या नावाखाली मी एवढंच केलं.

आमच्याकडं चित्र विकत घेऊन कोणी भिंतीवर लावत नाही. आमच्याकडं चित्र कॅलेंडरावर येतं. किराणावाला, सराफ, खत-बियाणांचा दुकानदार, सगळे नव्या वर्षाला कॅलेंडर देतात. वर्ष संपलं की वरचं जे काही असेल ते ठेवायचं. कोणाच्या कॅलेंडरावर देवी असते, कोणाच्या मक्का-मदिना, कोणाच्या गोधडीत गुंडाळलेलं गोरंपान इंग्रजी बाळ. खालच्या पट्टीवर मात्र 'सर्व प्रकारची कीटकनाशके योग्य दरात मिळतील' असं छापलेलं असतं. ती पट्टी कापायची आणि मग फ्रेम करायची. न कापता फ्रेम करणारा माणूस आमच्याकडं अडाणी समजला जातो. त्यामुळे फ्रेमच्या दुकानात पाय ठेवला की प्रत्येकाच्या तोंडून आपोआप तेच निघतं. खालचं कापून टाका, चाचा.

चाचांचं दुकान बाजारातल्या एका गल्लीत आहे. वय सत्तरीच्या आसपास, दाढी पांढरी, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. गावात कोण पास झालं, कोणाचं लग्न झालं आणि कोण वारलं हे पेपरच्या आधी त्यांना कळतं, कारण तिन्ही प्रसंगी माणसं फोटो घेऊन त्यांच्याकडंच जातात. माझ्या वडिलांचा फोटो त्यांनी केला, माझी बीएडची पदवी त्यांनी केली, मायचाही फोटो त्यांनीच केला. मी नळी त्यांच्या टेबलावर ठेवली आणि तेवढ्यात मिस्त्रीचा फोन आला. गड्यानं बाथरूमचा उतार दरवाज्याकडं काढून ठेवला होता. आंघोळ करायची आणि पाणी बेडरूममध्ये, अशी त्याची रचना होती. मी त्याला जे बोलायला लागले ते ऐकून शेजारचा टेलर मशीन थांबवून बघायला लागला.

चाचांनी मधेच एक चित्र माझ्यासमोर धरलं आणि खालच्या पांढऱ्या भागावर बोट ठेवून काहीतरी विचारलं. मी फोन कानाला लावूनच हातानं कात्रीची खूण केली. "खालचं कापून टाका, चाचा," मी म्हटलं. "आन् तिन्ही एका मापाचे करा."

चार दिवसांनी फ्रेमा आल्या. सोनेरी पट्टी, चकचकीत काच, तिन्ही एका मापाच्या. सोफ्यामागं एका ओळीत लावल्या तर हॉल एकदम साहेबाच्या घरासारखा दिसायला लागला. हरणं असती तर आणखी शोभलं असतं, असं नवरा म्हणाला. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

त्याच आठवड्यात बहिणीचा फोन आला. येतेय म्हणाली. अकोल्याला उतरून एसटीनं येईन, सकाळीच पोचेन. मला इतका आनंद झाला की तिनं पुढं विचारलं त्याला मी न ऐकताच हो म्हणून टाकलं. माझं पहिलं उत्तर नेहमी हो असतं, विचार मी नंतर करते.

"तसं नाय, ताई, नीट आयक," ती म्हणाली. "चारी बाजूनं पांढरं ठेवलं नं? खालची सही न् नंबर दिसला पाह्यजे."

मी परत हो म्हटलं. मग तिनं समजावून सांगितलं. एका पत्र्यावरून तिनं पंचवीसच छाप काढले होते. प्रत्येकावर पेन्सिलीनं स्वतःच्या हातानं नंबर टाकायचा, पंचवीसपैकी हा कितवा, आणि सही करायची. पंचवीस झाले की पत्र्यावर आडव्यातिडव्या रेघा मारून तो कायमचा खराब करायचा, म्हणजे सव्विसावा कोणी काढू नये. याला लिमिटेड एडिशन म्हणतात. सही-नंबर नसेल तर तो नुसता कागद. ते तिन्ही पत्रे तिनं केव्हाच खरडून टाकले होते.

फोन ठेवला आणि सोफ्यावर चढून चित्रांना नाक लावलं. चित्र संपत होतं तिथंच सोनेरी पट्टी सुरू होत होती. मधे पांढरा रंग नखाएवढाही नव्हता.

दुकानात जाऊन मी चाचांना फैलावर घेतलं. न विचारता कापलंत कसं, इतकी वर्षं काय फक्त खिळे ठोकलेत का, असं बरंच काही. त्यांनी मला पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाले, "मॅडम, म्या इचारलं व्हतं. खाली पेन्शिलीनं लिहेल हाये, ठेवू का काढू? तुमी बाथरूमच्या उताराचं बोलून राह्यल्या व्हत्या."

शेजारच्या टेलरनं मान हलवून दुजोरा दिला, त्याला कोणी विचारलं नव्हतं तरी. माझा स्वभाव असा की चूक माझी असली की माझा आवाज आणखी चढतो. मी म्हटलं, तुमच्या वयाच्या माणसाला समजायला पाहिजे. समजलं होतं म्हणूनच तर विचारलं, असं ते शांतपणे म्हणाले. मी त्यांच्या स्टुलावर बसले आणि मला रडू आलं. समोरच्या भिंतीवर न्यायला कोणी आलं नाही अशा मयत माणसांचे फोटो रांगेनं लावलेले होते. त्या दुकानात रडणारी बाई नवी नव्हती. रस्त्यावरून जाणाऱ्या एका ओळखीच्या बाईनं आत डोकावून, कोण गेलं, असं हळू आवाजात विचारलं.

चाचांनी चहा मागवला आणि आठवून सांगितलं. तिन्ही एका मापाची करताना चारी बाजूंनी कापलेल्या पट्ट्यांचा कागद जाड आणि चांगला होता, म्हणून त्यांनी लगेच फेकला नव्हता. काही पट्ट्या डिंक ढवळण्यात गेल्या. एक मात्र त्यांनी मोठ्या फ्रेममध्ये काच हलत होती तिथं घडी करून दाबली होती. ती फ्रेम केनवडला गेली होती, एका वारलेल्या आजोबांची. एक सही जरी मिळाली तरी एका चित्राची लाज राखता येईल, असं माझ्या मनात आलं. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी चाचांना स्कूटीवर मागं बसवलं आणि आम्ही केनवडला निघालो. त्यांच्या मांडीवर हातोडी-पक्कडीची पिशवी होती. वाटेत त्यांनी दोनदा मला हळू चालवायला सांगितलं आणि बाकी सगळा वेळ ते अल्लाचं नाव घेत होते.

केनवडच्या शाळेत मी पूर्वी सहा वर्षं होते. त्या घराचं दार उघडणारी सून माझी विद्यार्थिनी निघाली. मला दारात बघून तिनं डोक्यावर पदर घेतला आणि तिचा पहिला प्रश्न होता, "बाई, आता काय चुकलं?" मी खिळा सैल राहिल्याची काहीतरी थाप मारणार होते, पण चाचांनी सरळ खरं सांगून टाकलं. बहिणीची सही चुकून तुमच्या आजोबांच्या मागं गेली आहे. मग आतून आजी आल्या. आजोबा गेल्याला महिना झाला नव्हता. त्यांनी सगळं परत एकदा ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "काढा. पन त्यायले पालथं नोका ठेवू."

फ्रेम पालथी घातल्याशिवाय उघडते कशी? शेवटी सुनेनं आणि मी दोन बाजूंनी आजोबांना उभं धरलं आणि चाचांनी मागं उकिडवं बसून एकेक खिळा काढला. आजोबांचा चेहरा आजीकडं होता. आजी त्यांना मधून मधून सांगत होत्या की झालंच आता, दोन मिनिटं. चार घड्या केलेली पट्टी निघाली. मी घाईनं उलगडली. ती वरची पट्टी होती, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कोरी. आम्ही चहा प्यालो, चाचांनी काच पुठ्ठ्यानं घट्ट बसवून दिली आणि परत आलो. येताना चाचांनी हळू चालवायला सांगितलं नाही.

आता खरं म्हणजे बहिणीला फोन करून सांगून टाकायचं. दुसरी कोणी शहाणी बाई असती तर तिनं तेच केलं असतं. मी मात्र चाचांना सांगितलं की तिन्ही फ्रेमा परत उघडा आणि चित्राभोवती पांढऱ्या पुठ्ठ्याची चौकट टाका. त्या चौकटीवर खाली नंबर आणि सही मी करते. चाचांनी बराच वेळ चष्मा पुसला.

"पांढरं म्या लावून देतो," ते म्हणाले. "लिहाचं तुमचं तुमी पाहा. मेलेल्या मानसाइले कोट-टाय लावेल फोटो म्या फ्रेम केले, पन खोटी सही आजवर काचेत नाय घातली."

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी स्टाफरूममध्ये थांबले. कुरिअरच्या पावतीवर तिची सही होती, ती समोर ठेवली आणि हजेरीपटाच्या मागच्या कागदावर पानभर गिरवली. वीस वर्षं पोरांच्या हस्ताक्षराला नावं ठेवली, पण माझं गोलगोल अक्षर काही तिच्यासारखं तिरपं होईना. नंबराचा प्रश्न वेगळाच होता. पंचवीसपैकी कितवा हे मला माहीतच नव्हतं. सात लिहावा की बारा? मग म्हटलं, द्यायचंच तर हात आखडता कशाला घ्या. मी तिन्ही पांढऱ्या चौकटींवर जमेल तशी सही केली आणि पंचवीसपैकी पंचवीस लिहून टाकलं. माझ्या नोकरीत मी कोणाला पैकीच्या पैकी दिले नव्हते, त्यामुळे लिहिताना बरं वाटलं. काचा मात्र मलाच बसवाव्या लागल्या.

घरभरणीच्या सकाळी दारात मांडव होता, मागं आचारी होते, बुंदीची पातेली मी मागच्या खोलीत कुलपात ठेवली होती आणि किल्ली कमरेला खोचली होती, कारण आमच्या नातेवाइकांना मी ओळखते. समोरच्या भिंतीवरच्या दोन फोटोंपुढं वंदना झाली. माणसं मांडवात गप्पा मारत बसली. चाचा सकाळीच ड्रिल मशीन घेऊन आले होते आणि हॉलमध्ये स्टुलावर चढून शेवटची फ्रेम लावत होते. तेवढ्यात रिक्षातून बहीण उतरली. खांद्याला एक मोठी बॅग. केस बरेच पिकले होते, आणि ते तिनं रंगवले नव्हते. मला पाहून ती हसली. पाच वर्षांत पहिल्यांदा. मी तिला पाणी दिलं आणि स्वयंपाकघराकडं वळवायला लागले, पण ती सरळ हॉलमध्ये गेली.

ती पहिल्या चित्रापाशी वाकली. मग दुसऱ्यापाशी. मग चाचांनी नुकताच हात काढून घेतला होता त्या तिसऱ्यापाशी. बॅग अजून खांद्यालाच होती.

"पंचवीसपैकी पंचवीस," ती म्हणाली. "तिन्हीले?"

मी म्हटलं, हो, चांगलीच आहेत तर. ती सरळ उभी राहिली आणि माझ्याकडं वळली.

"ताई, खरा नंबर कितवा व्हता?"

मी भिंतीकडं पाहिलं, पंख्याकडं पाहिलं. इतकी वर्षं पोरांना फळ्याजवळ उभं करून जे करत आले ते माझं मला भोगावं लागत होतं. चाचा स्टुलावरून खाली उतरले.

"एक व्हता, बेटा," ते म्हणाले. "तिन्हीवर. एक, मंग आडी रेघ, मंग पच्चीस. उजव्या अंगाले तुमचं नाव व्हतं. मधात काईतरी बारीक व्हतं, चित्राचं नाव असंल, थे मले वाचता नाय आलं. मॅडमनं कापा म्हणलं, म्या कापलं. पन वाचून कापलं."

बहीण सोफ्यावर बसली. सोफ्याचं प्लास्टिक अजून काढलं नव्हतं, ते जोरात वाजलं. ती माझ्याकडं न पाहता बोलली. एक नंबर सगळ्यांनाच हवा असतो, दोघा-तिघांनी मागितलाही होता, तिनं कोणाला दिला नाही. "प्रदर्शन लागलं तव्हाच तिन्ही एक नंबर तुह्यासाठी बाजूले काढले व्हते," ती म्हणाली. "तू आली अस्ती त तिथीच देल्ले अस्ते."

माझ्याकडं कारणं भरपूर होती. मिस्त्री होता, बाथरूमचा उतार होता, धूळ होती, कॅलेंडरची सवय होती, आणि अगदीच काही नाही तर चाचा समोरच उभे होते. सगळी कारणं ओठांवर येऊन उभी राहिली आणि मला स्वतःचीच शिसारी आली. चाचांनी ड्रिल मशीन उचललं आणि खिळे आणतो म्हणून बाहेर गेले. खिळे त्यांच्या खिशात खुळखुळत होते.

"म्या पाह्यलंच नाय," मी म्हटलं. "नंबर नाय, सही नाय. चित्रंबी नाय पाह्यले. रंग सोफ्याले जाते, एवढंच पाह्यलं."

मला वाटलं, आता ही उठणार आणि रिक्षा बघणार. ती उठली, पण बॅग खांद्यावरून काढून तिनं सोफ्यावर ठेवली, आणि माझ्या दंडाला धरून मला पहिल्या चित्रासमोर उभं केलं.

"मंग आता पाह्य," ती म्हणाली. "काय दिसते?"

मी म्हटलं, बोट. ती म्हणाली, किती? मी मोजल्या. चार होत्या. मग आणखी एक सापडली, दोन मोठ्या बोटींच्या मधल्या फटीत, लहानशी, आणि तिच्यात एक कुत्रं उभं होतं. आणखी काय? क्रेन. क्रेनच्या दोरीवर कोणीतरी लुंगी वाळत घातली होती, त्याचं मला हसू आलं. आणखी? धक्क्यावर एक बाई समुद्राकडं पाठ करून बसली होती आणि डबा उघडत होती. मी म्हटलं, हिच्या पाठीमागं एवढा समुद्र आणि ही पोळी बघतेय. बहीण म्हणाली, भूक लागली असंल. मग मला पाणी दिसलं. मी त्याला नुसता काळा रंग समजले होते. तो रंग नव्हता. केसाएवढ्या बारीक रेघा होत्या, एकीशेजारी एक, सगळ्या चित्रभर, आणि प्रत्येक रेघ तिनं सुईनं ओढली होती. किती दिवस लागले, मी विचारलं. एवढ्या पाण्याला अख्खा पावसाळा गेला, ती म्हणाली. मी नळाच्या तोट्या निवडायला तीन दुकानं हिंडले होते आणि हे बघायला मला एक मिनिट मिळालं नव्हतं.

बाहेर पंगत बसली होती. बुंदी कुठं आहे म्हणून मला हाका सुरू झाल्या, आधी नवऱ्याच्या, मग शेजारणीच्या, मग दोघांच्या मिळून. किल्ली माझ्या कमरेला टोचत होती. आम्ही दुसऱ्या चित्रापाशी आलो होतो आणि बहीण विचारत होती की यात काय दिसतं. मी गेले नाही.